दुधाचा हिशोब

२००९ च्या मे महिन्यातली सकाळ. नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये आमचं ऑफिस होतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन कॉफी करायचा. त्या दिवशी तो उशिरा आला आणि कॉम्प्युटर सुरू न करताच बसून राहिला. घरी काही बरंवाईट झालं असेल, असं वाटून मी हळूच विचारलं. तो म्हणाला, "जॉन वॉल केंटकीला चालला."

"तुझा कोण लागतो?"

तो हसला नाही. मलाही पुढे काही विचारवेना.

जॉन वॉल त्याचा कुणीच लागत नव्हता. तो रॅलेत वाढलेला एक शाळकरी मुलगा होता आणि बास्केटबॉल खेळायचा. आधीच्या एका शाळेच्या प्रशिक्षकाने त्याला संघात घेतलं नव्हतं. मग तो एका छोट्या ख्रिस्ती शाळेत गेला, २००७ च्या उन्हाळ्यातल्या एका शिबिरात चमकला आणि दोन वर्षांत देशातल्या पहिल्या काही मुलांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. काही याद्यांत तर ते पहिलंच होतं. तो कुठल्या विद्यापीठाकडून खेळणार, याची चर्चा आमच्याकडे वर्षभर चालली होती. माझा सहकारी एनसी स्टेटचा माजी विद्यार्थी. ते विद्यापीठ रॅलेतच आहे. गावचं पोर गावातच राहील, अशी आशा त्याने धरली होती.

या भागाचा नकाशा समजल्याशिवाय ही आशा समजत नाही. रॅलेत एनसी स्टेट, डरहॅममध्ये ड्यूक आणि चॅपल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ. ही तीन गावं रेघेने जोडली की जो त्रिकोण होतो, तोच आमचा ट्रँगल. ड्यूकपासून चॅपल हिल गाडीने वीसेक मिनिटांवर. एकाच घरात नवरा गडद निळ्याचा, बायको आकाशी निळ्याची आणि सासरे लाल रंगाचे असा मामला इथे नवा नाही. त्या वर्षी एप्रिलमध्येच चॅपल हिलने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. ड्यूकच्या खात्यात तोवर तीन विजेतेपदं होती. एनसी स्टेटकडे दोन, १९७४ आणि १९८३ ची. म्हणजे सव्वीस वर्षांची उपासमार. त्यात प्रशिक्षक कोण, तर १९८३ च्या त्या विजेत्या संघातलाच सिडनी लो. सगळं जुळून आल्यासारखं दिसत होतं, फक्त मुलाने हो म्हणायचं बाकी होतं.

मी २००४ मध्ये इथे आलो तेव्हा मला बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. पण ऑफिसात राहायचं तर हवामान आणि बास्केटबॉल या दोन विषयांना पर्याय नव्हता. हळूहळू खेळ कळायला लागला आणि त्याच्याही आधी खेळाडूंच्या भरतीचं वेड लागलं. हे उलटं वाटेल, पण त्याला कारण आहे. खेळ समजायला नजर लागते. एका मुलाने कुठे जायचं ठरवलं, यात रस घ्यायला शेजारधर्म पुरतो, आणि तो आपल्या अंगात मुरलेला असतो.

या भरतीची यंत्रणा मोठी आहे. शाळकरी मुलांना तारे दिले जातात. पाच तारे म्हणजे सर्वोत्तम, मग चार, मग तीन. याद्या वर्षभर वरखाली होत राहतात. उन्हाळ्यात बूट कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या स्पर्धा भरतात, तिथे बाकांवर नामवंत प्रशिक्षक ओळीने बसलेले दिसतात. मग ऑफर येतात. मग मुलगा घरच्यांना घेऊन विद्यापीठं पाहायला जातो. प्रशिक्षकही मुलाच्या घरी येतात, सोफ्यावर बसतात, आजीच्या हातचा केक खाऊन वाखाणतात. आपल्याकडचा पाहण्याचा कार्यक्रम आठवावा, असाच सगळा थाट. शेवटी मुलगा एका विद्यापीठाला होकार देतो.

आकडे पाहिले तर हा होकार विरळाच. देशभरात शाळांमधून बास्केटबॉल खेळणारे मुलगे पाच लाखांहून जास्त. त्यांतले शंभरात जेमतेम एक वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांत पोचतात. जॉन वॉलसारखा मुलगा एखाद्या गावात पिढीतून एकदा निघतो. आणि तो निघाला तरी राहतो किती? २००६ पासून एनबीएने नियम केला की निवड व्हायची त्या वर्षात एकोणीस वर्षं पूर्ण होत असल्याशिवाय आणि शाळा सुटून वर्ष उलटल्याशिवाय व्यावसायिक संघात प्रवेश नाही. त्यामुळे असली मुलं विद्यापीठात एक हंगाम खेळतात आणि निघून जातात. म्हणजे लोक दोन-तीन वर्षं वाट पाहतात, ती पाच महिन्यांच्या मुक्कामासाठी.

तरीही पाहतात. या वाट पाहण्यातलं सुख मी स्वतः चाखलंय. सामन्यात हार असते, दुखापत असते, पंच असतात. येणाऱ्या मुलात यातलं काही नसतं. तो अजून आपल्यासाठी एकही चेंडू चुकलेला नसतो. लग्न ठरल्यापासून मुहूर्तापर्यंतचे दिवस जसे असतात, तसंच हे.

ऑफिसातल्या त्या सकाळी मला आठवला तो माझा गाव. कोल्हापूरपासून दहा-बारा मैलांवरचा. आमच्या गल्लीतला एक पोरगा कुस्तीत निघाला. दहावीत असेल. अंगापिंडाने थोराड, मातीत उतरला की समोरचा निम्मा गार. त्याला कोल्हापुरातल्या तालमीत ठेवायचं ठरलं आणि खुराकासाठी गावाने वर्गणी काढली. कुणी बदाम दिले, कुणी तूप. आमच्या शेजारच्या काकांनी रोज दोन लिटर दूध लावलं. पहाटेच्या एसटीने किटली जायची. पोरगा जत्रेतल्या मैदानात जोड मारायचा आणि शड्डूचा आवाज झाला की काका आजूबाजूला असे बघायचे, जणू शड्डू त्यांनीच ठोकलाय.

दोन वर्षांनी त्या पोराला पुण्याहून बोलावणं आलं. तिथला वस्ताद नावाजलेला, राहायची-जेवायची सोय चांगली, आखाड्यात जोडीला तगडे मल्ल. पोरगा गेला. संध्याकाळी पारावर काकांनी हिशोब मांडला. दोन लिटर गुणिले इतके दिवस, गुणिले तेव्हाचा भाव. "माझ्या म्हशीचं दूध पिऊन गेला," असं दोन-तीनदा म्हणाले. माझी आजी देवळातून परत येत होती. ती थांबली आणि म्हणाली, "दूध दिलंस का पोरगं इकत घेतलंस रं?"

काकांनी उत्तर दिलं नाही. आजीही थांबली नाही. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो आणि मला काकांचंच पटलं होतं.

जॉन वॉलच्या वेळी एनसी स्टेटमध्ये एक मजेदार प्रकार घडला. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने फेसबुकवर गट काढला होता. जॉन वॉल, कृपा करून आमच्याकडे ये, अशा अर्थाचं त्याचं नाव. शेकडो जण सामील झाले. विद्यापीठाच्याच नियमपालन विभागाने त्या विद्यार्थ्याला समज देणारं पत्र धाडलं. राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या नियमांनुसार खेळाडूची मनधरणी फक्त अधिकृत प्रशिक्षकांनी करायची. चाहत्याने ती केली तर तो विद्यापीठाचा हितसंबंधी ठरतो, इथल्या भाषेत बूस्टर, आणि त्याच्या चुकीची शिक्षा विद्यापीठाला होऊ शकते. पेपरांतून त्या पत्राची भरपूर टिंगल झाली. हॉस्टेलच्या खोलीतून 'ये रे बाबा' म्हणणाऱ्या पोराची कसली भीती, असं मीही म्हणालो.

पण एनसी स्टेटचं तोंड या दुधाने आधी एकदा भाजलं होतं. १९७२-७३ च्या हंगामात त्यांचा संघ सत्तावीसपैकी सत्तावीस सामने जिंकला आणि तरीही त्याला राष्ट्रीय स्पर्धेत पाऊल ठेवता आलं नाही. कारण डेव्हिड थॉम्पसन. याच राज्यातल्या शेल्बीचा अफाट गुणी मुलगा. त्याला आणताना भरतीचे नियम मोडले गेले होते. पुढच्या वर्षी त्याच थॉम्पसनने त्यांना पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. म्हणून गावात थॉम्पसनची आठवण काढतात ती १९७४ ची. त्याच्या आदल्या वर्षीची आठवण करून द्यावी लागते.

जॉन वॉल गेल्यानंतर काय झालं, तेही सांगायला हवं. केंटकीचा त्या वर्षीचा संघ डोळे दिपवणारा होता. अडतीस सामन्यांत तीन पराभव. पण त्यातला तिसरा राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर झाला आणि सगळं संपलं. जून २०१० मध्ये वॉल एनबीएच्या निवडीत पहिला आला आणि वॉशिंग्टनला गेला. आणि त्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतेपद कुणी पटकावलं? वॉलविना खेळलेल्या ड्यूकने. ज्या होकाराविना आपलं काहीच होणार नाही असं तीन गावांना वाटत होतं, त्याविना त्यांतल्या एका गावात वर्षभरात मिरवणूक निघाली. माझ्या सहकाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे जखमेवर मीठ होतं, कारण मिरवणूक डरहॅममध्ये निघाली होती.

इथवर मी काठावरून पाहत होतो. पाण्यात पडलो २०१८ मध्ये.

त्या जानेवारीत देशभर एकच नाव होतं, झायन विल्यमसन. साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गचा, धिप्पाड अंगाचा आणि तरी हरणासारखा उडी घेणारा. तो घराजवळच्या क्लेम्सनला जाईल, असा पुष्कळांचा अंदाज. २० जानेवारीला त्याच्या शाळेत कार्यक्रम झाला, टीव्हीवर थेट दाखवला, आणि त्याने ड्यूकचं नाव घेतलं. आमच्या घरी माझा मुलगा सोफ्यावरून उठून नाचला. साउथ कॅरोलिनात कितीतरी सोफ्यांवर त्या क्षणी शांतता पसरली असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्याच हंगामात आमच्या वस्तीतला एक मुलगाही निर्णयाच्या उंबरठ्यावर होता. माझ्या मुलाच्या वर्गातला. पाच तारे सोडा, याद्यांत त्याचं नाव शोधावं लागे. पण आमच्या भागात तो माहीत होता आणि तासाभरावरच्या एका विद्यापीठाची त्याला ऑफर होती. तिथे गेला तर आम्ही सगळे सामन्यांना जाऊ शकणार होतो. आणखी एक ऑफर होती, सहा तासांवरच्या डोंगरातल्या कॉलेजची. त्याची आई नर्स. मुलगा शनिवार-रविवार आमच्या किराणा दुकानात सामान पिशव्यांत भरायचं काम करायचा.

मला तो अजून तसाच दिसतो. काउंटरच्या टोकाला वाकून उभा, कारण ते टेबल त्याच्या उंचीला फार ठेंगणं. डबे खाली, दूध कडेला उभं, पाव वर. अंडी तो शेवटपर्यंत बाजूला ठेवायचा, खोकं उघडून एखादं फुटलं नाही ना पाहायचा आणि वेगळ्या पिशवीत द्यायचा. तेवढ्या वेळात प्रत्येक गिऱ्हाईक त्याला एकच प्रश्न टाकायचं, "काय ठरलं मग?" तो मान खाली ठेवूनच म्हणायचा, "अजून विचार करतोय, सर." दिवसात किती वेळा म्हणत असेल? एका शनिवारी माझ्यापुढे रांगेत पाच जण होते. पाचांनीही विचारलं. मग माझा नंबर आला आणि मीही विचारलं.

एप्रिलमध्ये शाळेच्या ग्रंथालयात त्याने पत्रावर सही केली. टीव्ही नव्हता. एक मोठा चौकोनी केक, आई, धाकटी बहीण, दोन प्रशिक्षक आणि वर्गातली मुलं. त्याने डोंगरातलं कॉलेज निवडलं होतं. पुढच्या शनिवारी दुकानात तो माझ्या पिशव्या भरत होता, शेजारी त्याची आई पैसे देत उभी होती, आणि मी हसत हसत बोलून गेलो, "अरे, तिथे कोण जातं?"

अभिनंदन राहूनच गेलं. आई काही बोलली नाही. त्याने अंड्यांचं खोकं उघडून पाहिलं, बंद केलं आणि माझ्या हातात दिलं.

घरी येताना गाडीत मला काकांची किटली आठवली. मी तर या पोराला दूधही पाजलं नव्हतं. त्याच्या शाळेच्या चार सामन्यांची तिकिटं काढली होती, एवढंच. तेवढ्या भांडवलावर मी पारावर जाऊन बसलो होतो. आपलेपणा कुठे संपतो आणि मालकी कुठे सुरू होते, हे मुलगा हो म्हणेपर्यंत कळत नाही. तो नाही म्हणतो तेव्हाच आपल्यातलं काय ते बाहेर पडतं.

आता तर वर्गणी उघडपणे निघते. १ जुलै २०२१ पासून विद्यापीठाच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रसिद्धीवर पैसे मिळवायची मुभा मिळाली. पाठोपाठ चाहत्यांनी एकत्र येऊन निधी उभे केले. कुणी महिन्याला थोडे डॉलर भरतो, कुणी रग्गड. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंही खेळाडूंना थेट हिस्सा देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला कमाल मर्यादा साधारण दोन कोटी डॉलरची. सहीचं ते जुनं पत्र, १९६४ पासून चालत आलेलं, २०२४ मध्ये बंद झालं. खेळाडू विद्यापीठही आता सहज बदलतात.

मला यात वाईट वाटत नाही. वर्षानुवर्षं प्रशिक्षक लाखो डॉलर घेत होते, टीव्हीवाले अब्जावधींचे करार करत होते आणि घाम गाळणाऱ्या मुलाला शिष्यवृत्तीवर समाधान मानायला सांगत होते. त्यापेक्षा हे बरं. खुराक पैलवानाच्याच तोंडी पडला पाहिजे. पण महिन्याला वीस डॉलर भरणाऱ्या माणसाच्या तोंडी दुधाचा हिशोबही जास्त येऊ लागलाय. मुलगा दुसरीकडे गेला की 'आमच्या पैशावर' हा शब्द पूर्वी मनात असायचा, आता ओठांवर असतो.

म्हणूनच मला २०२४ चा मार्च महिना फार आवडतो. एनसी स्टेटचा संघ त्या वर्षी असा सुमार की आपल्या विभागाची स्पर्धा जिंकली तरच पुढे जाणार. त्यांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकले, शेवटचा चॅपल हिलविरुद्ध. मग राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकलाही हरवलं आणि १९८३ नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत गेले. त्या संघात बहुतेक खेळाडू इतर विद्यापीठांतून आलेले. गोलमटोल, हसतमुख डीजे बर्न्स तिसऱ्या विद्यापीठात खेळत होता. डीजे हॉर्न हा तर रॅलेचाच. तो घर सोडून आधी इलिनॉयला गेला, मग ॲरिझोनाला, आणि शेवटच्या वर्षी आपल्या पायांनी परत गावी आला. जॉन वॉलसाठी रॅलेने श्वास रोखून धरला होता, तसा यांच्यातल्या कुणासाठी रोखला असेल असं मला वाटत नाही. माझा जुना सहकारी आता निवृत्त झालाय. ड्यूकविरुद्धचा सामना संपल्यावर त्याने मला फोन केला आणि बराच वेळ बोललाच नाही. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज येत होता.

डोंगरातल्या कॉलेजचा मुलगा चार वर्षं तिथेच खेळला. त्याचा संघ कधी टीव्हीवर दिसला नाही. आता तो इथून जवळच्या एका शाळेत शिकवतो आणि सातवी-आठवीच्या मुलांचा संघ सांभाळतो. गेल्या हिवाळ्यात त्याच दुकानात भेटला, या वेळी गिऱ्हाईक म्हणून. आईची चौकशी केली. मग माझ्याच्याने राहवलं नाही. तेव्हा ते कॉलेज का निवडलंस, असं विचारलं. तो म्हणाला, "बाकी सगळे म्हणाले, पहिल्या दिवसापासून खेळवू. त्या कोचने सांगितलं, पहिलं वर्ष बाकावर बसावं लागेल. मला वाटलं, हा माणूस खरं बोलतोय."

मग मी माझं तेव्हाचं वाक्य काढलं आणि माफी मागितली. त्याला ते आठवतच नव्हतं. त्याच्या आईला आठवत होतं, असं तोच दोन दिवसांनी मला म्हणाला.

सामन्यात चाहत्याने घसा बसेपर्यंत ओरडावं, पैसे भरावेत, याद्या पाठ कराव्यात, ताऱ्यांवरून भांडावं. मीही हे सगळं करतो आणि पुढेही करणार आहे. पण सतरा वर्षांचं पोर आपल्या आईशेजारी उभं असेल, तेव्हा त्याला एवढंच म्हणावं की तू कुठेही जा, चांगला खेळ. ते डरहॅमचं पोर असो की करवीर तालुक्यातलं. आणि त्याने दुसरीकडे जायचं ठरवलं, तर किटली धुवून पालथी घालावी, हिशोब मांडू नये.